काच इन्युपियाकांना नवी नाही

काच ही इन्युपियाकांची, म्हणजे उत्तर अलास्कातल्या मूळ रहिवाशांची, ‘स्वतःची’ नाही, खरा इन्युपियाक कलाकार वॉलरसच्या सुळ्यातच कोरणार, असं काही जण म्हणतात; हा मुद्दा काही पटला नाही. निळे काचमणी सायबेरियाकडच्या व्यापारातून उत्तर अलास्कात केव्हाच पोचले होते. पुरुष खालच्या ओठाला भोक पाडून जी लेणी घालत, त्यांतल्या काहींत अशा मण्याचं अर्धुक बसवलेलं असे. म्हणजे काच थेट चेहऱ्यावर!

इन्युपियाक शिल्पकार लॅरी उलाक अहवाकाना घ्या. जन्म १९४६, वाढला उत्तर अलास्कातल्या बॅरो गावात (२०१६पासून उत्कियाग्विक). सांता फेच्या इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकन इंडियन आर्ट्समध्ये शिल्पकार ॲलन हाउझर यांच्याकडे शिल्पकला, मग ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन, आणि तिथून परत बॅरोत जाऊन फुंकून काच घडवायचा स्टुडिओ उभारला. जिथे हिवाळ्यात दोनेक महिने सूर्य उगवत नाही तिथे भट्टी पेटती ठेवायची, इंधनाचा खर्च तुम्हीच कल्पा. दगड आणि लाकूड त्याने सोडलं नाही, हेही लक्षात घ्या.

सार्वजनिक जागांतल्या अशा कलाकृतींना पैसा कुठून, असंही कुणी विचारेल. अलास्कात १९७५चा कायदा आहे: सरकारी इमारतीच्या बांधकामखर्चाचा किमान १ टक्का कलेसाठी, ग्रामीण शाळांना अर्धा. योजना उत्तम, पण समितीकडून मंजुरी घ्यायची म्हटलं की ढोलवाले, व्हेल, अस्वल असे ‘ओळखीचे’ विषय सुरक्षित वाटू लागतात. माझ्या मते परंपरेला धोका असलाच तर तो इथे आहे, भट्टीत नाही.