पापणीत लेन्स? लेकीचा बायॉप्सी रिपोर्ट कळेना

कळव्याचा_बाबा:
मुलगी सात महिन्यांची. जन्मापासूनच डाव्या खालच्या पापणीत, नाकाच्या बाजूला, तुरीच्या डाळीएवढी टणक गाठ. आई म्हणाली, रांजणवाडी आहे, लवंग उगाळून लाव (लावली नाही). पहिल्या डॉक्टरांनी दोन महिने शेकायला लावलं, काही फरक नाही. शेवटी नौपाड्यात दुसऱ्या सर्जननी काढली. रिपोर्टवर लिहिलंय 'फेकोमॅटस कोरिस्टोमा, बिनाइन'. म्हणे लेन्सच्या पेशी पापणीत राहिल्या. बायकोने विचारलं, मग हिच्या डोळ्यात लेन्स आहे ना? तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

नेरूळचा_स्लाइडवाला:
लेन्स जागेवर आहे, वहिनींना आधी ते सांगा.
तीस वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीत (काढलेल्या गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात तिथे) स्लाइड कापल्या, ही गाठ हाताखालून एकदाच गेली. 1971 मध्ये झिमरमन नावाच्या पॅथॉलॉजिस्टने हिचं वर्णन केलं, म्हणून झिमरमन ट्यूमरही म्हणतात. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास वरच्या कातडीचाच एक ठिपका जाड होतो, आत वळतो, सुटून लेन्स बनतो. त्यातल्या चार पेशी वाटेत पापणीत राहिल्या की ही गाठ. पीएएस स्टेन (स्लाइडवर टाकायचा एक रंग) टाकला की पेशींभोवती जाड गडद गुलाबी पडदा दिसतो, लेन्सच्या कॅप्सूलसारखाच, म्हणजे तिच्या बाहेरच्या आवरणासारखा. आत मोतीबिंदूत दिसतात तशा फुगलेल्या पेशी. आमचे सर त्या दिवशी चहा विसरले होते. कोरिस्टोमा म्हणजे ऊतक चांगलं, पत्ता चुकलेला. कॅन्सर नव्हे.

वाशीची_आई:
माझ्या मुलाला भुवईच्या बाहेरच्या टोकाला डर्मॉइड होता. आत चक्क केस निघाले! तेही हेच का?

नेरूळचा_स्लाइडवाला:
जात तीच, ताई, माल वेगळा. कवटीची हाडं सांधताना कातडीचा तुकडा फटीत अडकतो, म्हणून केस, तेल, केरॅटिन. तो फुटू न देता अख्खा काढावा लागतो, नाहीतर आतला ऐवज सांडून सूज येते.
कळवेकर, एक काम करा. गाठीच्या दाबाने बाळाच्या डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर लागलेला असू शकतो. बाहुली मोठी करायचे थेंब घालून तपासून घ्या.

कळव्याचा_बाबा:
गुरुवारी दाखवायचंच आहे, तेव्हा नंबरही विचारतो. काका, 'फेको' म्हणजे काय हो?

नेरूळचा_स्लाइडवाला:
ग्रीकमध्ये मसूर. लेन्सचा आकार तसा, म्हणून. तुमची मात्र तूरडाळ निघाली.