प्रतिसाद: वणवा आणि माळावरची फुलपाखरं

‘माळ जाळला की गवत जोमानं येतं, किडेही पुन्हा येतात,’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. गवत येतं, कारण त्याची मुळं जमिनीत सुरक्षित असतात. मुंग्या-वाळवीही खोलवर असल्यानं बऱ्याचशा वाचतात. गवताची आग झरझर पुढे सरकते, काही इंचांखालची माती फारशी तापत नाही. पण पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असणारी तपकिरी फुलपाखरं? त्यांच्या अळ्या गवतावरच वाढतात, काहींचे कोष गवताच्याच काडीला लटकतात. त्यांना पळायला जागाच नाही. नाकतोड्यांची अंडी मातीत असतात, त्यांचं बरं.

आता परत कुठून येणार, तर शेजारच्या न जळलेल्या तुकड्यातून. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात कुणीतरी काडी टाकतं आणि साताऱ्यातल्या माण-खटावकडचा अख्खा माळ एका दुपारी काळा होतो. शेजार उरतोच कुठे? जाळायचंच असेल तर जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी) काढून, दरवर्षी माळाचा वेगळा तुकडा जाळायचा, बाकी माळ तसाच ठेवायचा. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा कापणी बरी, चाराही हाती लागतो. (चराईवरून मेंढपाळांना सरसकट दोष देणं मला मान्य नाही. बेतानं चराई झाली तर गवत दाटत नाही, बुटक्या फुलझाडांना ऊन मिळतं.) आणि उपाय म्हणून माळावर झाडं लावू नका, सावलीत ही गवतं टिकत नाहीत.