पोर्तुगीज शिकणारी मुले 'फालार करतात', ते चालू द्यावे काय?

डिचोलीकर
माझी भाची पणजीला पोर्तुगीज शिकते. घरी मराठी, शेजारी कोकणी, कॉलेजात इंग्रजी असे तिचे आधीच चालू होते. त्यात आता 'मामा, रात्रभर इश्तुदार (म्हणजे अभ्यास) करायचे आहे' अशी वाक्ये येऊ लागली आहेत. सरमिसळीला माझा सरसकट विरोध नाही, कारण चावी, पगार, घमेले, बिजागरी हे शब्द आपण पोर्तुगीजमधूनच घेतले आणि त्यांच्यावाचून आपले पान हलत नाही. माझा आक्षेप त्या 'करायचे' या शब्दावर आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलते: मी बोलतो म्हणजे 'फालु', आम्ही बोलतो म्हणजे 'फालामुश'. मूळ रूप 'फालार' तसेच उचलून त्याला 'करणे' जोडले, की सगळे बदल 'करणे' आपल्या अंगावर घेते आणि मुलांना रूपे चालवण्याची गरजच उरत नाही.

ताळगावचा विद्यार्थी
'फोन करणे' आपणही म्हणत असाल, आणि त्यामुळे आपले इंग्रजी बिघडले नसावे. पहिल्या वर्षी अख्खे वाक्य जुळवण्याइतकी शिदोरी नसते. तेव्हा येतो तो शब्द मराठीत बसवून बोलायचे, नाहीतर गप्प राहायचे. शिवाय मराठीचा आधार कधी कधी फार कामी येतो. आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादु' आणि स्त्रीने 'ओब्रिगादा' म्हणायचे असते. शिकवणाऱ्या बाईंचे ऐकून आमच्यातला एक मुलगा महिनाभर 'ओब्रिगादा' म्हणत होता. 'तू मराठीत मी आले म्हणतोस काय रे?' एवढे कोणीतरी विचारले आणि त्यानंतर तो कधी चुकला नाही.

म्हापशाचा मास्तर
ओब्रिगादाचे उदाहरण मान्य, पण ती तुलना झाली, सरमिसळ नव्हे. इंग्रजी आपल्या कानांवर दिवसभर आदळते, म्हणून 'फोन करणे' म्हणूनही ते टिकते. पोर्तुगीज मात्र १९६१ साली राजवट संपल्यावर कचेऱ्यांतून गेली, आणि आजच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ती वर्गाबाहेर क्वचितच ऐकू येते. मग कँटीनमधले 'फालार करतो' हाच त्यांचा सराव ठरतो. आपल्याकडे मुरलेले शब्द परत तिकडे नेतानाही फसगत होते. एकाने निबंधात आपल्या वेतनाला 'मेउ पगार' लिहिले. तिथे 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे, वेतनाला 'सालारियु' म्हणतात. पाव मागताना नाकातला उच्चार करायचा राहून गेला, तर तुम्ही काठी मागितलेली असते!

ताळगावचा विद्यार्थी
त्या 'मेउ पगार'चा दोष सरमिसळीला कशाला? ती चूक त्याने शुद्ध पोर्तुगीज लिहितानाच केली आहे.

डिचोलीकर
हे खरे. तरी भाचीला आज सांगून पाहिले, की निदान 'इश्तुदु' असे पूर्ण रूप म्हण आणि पुढचे वाक्य मराठीत बोल. ती म्हणाली, 'बरं मामा, ट्राय करते.'