मार्चमध्ये जात असाल तर वेळास

मुलांना घेऊन गर्दी नसलेला किनारा कुठला, असं विचारलंय आणि वर दोघांनी दिवेआगर-गुहागर सुचवलंय. छान आहेत, पण शनिवार-रविवारी तिथे गर्दीच. मी वेळास म्हणेन. तालुका मंडणगड, नाना फडणवीसांचं गाव. मात्र कासव महोत्सवातले (कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येतात तो) शनिवार-रविवार टाळाच, मधल्या वारी जा.

ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या वाळूत शंभरेक अंडी घालून निघून जातात. गावकरी ती कुंपणातल्या खड्ड्यांत हलवतात. साधारण ५०-५५ दिवसांनी पिल्लं येतात. सकाळ-संध्याकाळ खड्ड्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. आम्हाला पहिल्या दोन वेळा काहीच दिसलं नाही, लेक रुसून बसली. तिसऱ्या वेळी टोपलीखाली अकरा पिल्लं! तळहाताच्या निम्म्याएवढी, काळपट, पाठीवर वाळू. एक उलटं जमिनीकडेच चालायला लागलं, मग लाटेनेच त्याला उचललं. फ्लॅश वापरू देत नाहीत, आधीच सांगून ठेवा.

राहणं घरगुती. आमचं घर शाकाहारी होतं: कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, सोलकढी. मासे हवेत तर बुकिंग करतानाच विचारा, नाहीतर नवरोबा आमच्या 'ह्यां'सारखे दोन दिवस सोलकढीकडे बघत बसतील. पोहायला किनारा मला तरी बरा वाटला नाही. दुपारी बाणकोटचा किल्ला करा. हरिहरेश्वरकडून येणार असाल तर बागमांडल्याची फेरीबोट गाडीसकट पलीकडे सोडते, बराच वळसा वाचतो.