'हिस्ट १४०': १६० वर्षं उरकायची की आठ प्रसंग नीट शिकवायचे?

काठावरचा
कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, म्हणजे मुख्यतः पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारी सरकारी कॉलेजं. तिथले पहिल्या पायरीचे इतिहासाचे वर्ग मोठ्या प्रमाणावर अर्धवेळ शिक्षक घेतात. त्यांना अडजंक्ट म्हणतात. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसारखीच त्यांची स्थिती. हा धागा एकाच कोर्सबद्दल आहे, 'हिस्ट १४०': अमेरिकेचा इतिहास, १८६५ ते आज.

आधी हिशोब. १६ आठवडे, आठवड्याला दोन वर्ग, एकूण ३२. पहिला दिवस, मिडटर्म, फायनल आणि सुट्टी वजा करा, हातात २८ उरतात. म्हणजे एका वर्गात जवळपास सहा वर्षं. या वेगानं शिकवलेलं पोरांच्या डोक्यात फायनलच्या दुसऱ्या दिवशीही राहत नाही.

माझं मत: आठ प्रसंग निवडा, प्रत्येकाला तीन वर्ग द्या आणि मूळ कागद, म्हणजे त्या काळातले कायदे आणि निकाल, वाचून घ्या. १८७७ (रिकन्स्ट्रक्शनचा, म्हणजे यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेच्या पुनर्रचनेचा शेवट), १८८२ (चिनी मजुरांना प्रवेशबंदीचा कायदा), १८९६ (प्लेसी निकाल: वंशानुसार वेगळं ठेवणं कायदेशीर), १९२२-२३ (ओझावा आणि थिंद: 'गोरा' कोण याचे दोन खटले), १९३५ (सोशल सिक्युरिटी, म्हणजे निवृत्तिवेतनाचा कायदा), १९४२ (जपानी अमेरिकनांची छावण्यांत रवानगी), १९५४ (ब्राऊन निकाल: वंशानुसार वेगळ्या शाळा बेकायदा), १९६५ (मतदान हक्क आणि इमिग्रेशन). उरलेले चार वर्ग दुवे जोडायला. अर्धवेळ शिक्षकाला दर सेमिस्टरला २८ व्याख्यानं ताजी ठेवणं झेपत नाही. आठ प्रसंग मात्र तो खरोखर मुरवू शकतो.

सनावळी
पूर्ण असहमत. या यादीत कारखानदारी कुठे आहे? दोन्ही महायुद्धं? शीतयुद्ध? कोर्स आउटलाइन ऑफ रेकॉर्ड हा काही शोभेचा कागद नाही. कॉलेजनं मंजूर केलेले विषय त्यात असतात आणि शिकवणारा पूर्णवेळ असो की अर्धवेळ, ते त्याला बांधील असतात. हा कोर्स करून मुलं कॅल स्टेट किंवा यूसी या राज्याच्या विद्यापीठांत ट्रान्सफर घेतात. पुढचा प्राध्यापक त्यांना शीतयुद्ध ठाऊक आहे असं धरूनच सुरुवात करतो. मूल्यमापनाला वर्गात येऊन बसणारा सहकारी हाच आउटलाइन हातात घेऊन येतो. पूर्णवेळ शिक्षक वाद घालून निभावून नेईल, अडजंक्टला पुढच्या सेमिस्टरला वर्गच मिळणार नाही.

दुसरं, संध्याकाळच्या वर्गातली मुलं नोकरी करून येतात. शिफ्ट बदलली की वर्ग बुडतो. सलग पद्धतीत एक वर्ग बुडला तर पुस्तकातलं प्रकरण वाचून भरून काढता येतं. ओपनस्टॅक्सचं पुस्तक फुकट आहे, ३२ प्रकरणांचं. १६ ते ३२ ही सतरा प्रकरणं या कोर्सची, म्हणजे साधारण आठवड्याला एक. तुमच्या पद्धतीत नेमका कागद वाचायचा वर्ग बुडाला तर त्या मुलानं काय करायचं?

काठावरचा
आउटलाइनमध्ये विषय लिहिलेले असतात, मिनिटं नाहीत. शीतयुद्धाला अर्धा वर्ग दिला तरी विषय झाला. बुडालेल्या वर्गाचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

खडूफळा
तुम्ही दोघं तपासणीबद्दल बोलतच नाही आहात, आणि अर्धवेळ शिक्षक मोडतो तो तिथेच. बहुतेक डिस्ट्रिक्टांत (कॉलेजं चालवणाऱ्या स्थानिक संस्थांत) पैसे वर्गातल्या तासांचे मिळतात. तीन युनिटच्या कोर्सला साधारण ५४ तास. आता ४० मुलं, चार निबंध, एका निबंधाला १५ मिनिटं धरा: ४० तास झाले, वेगळा मोबदला नाही. त्यात एका डिस्ट्रिक्टमध्ये पूर्णवेळ भाराच्या ६७ टक्क्यांच्या वर भार देता येत नाही. एक कोर्स २० टक्के, म्हणजे तीन कोर्स, चौथा नाही. म्हणून माणूस दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये जातो आणि दिवसाचे दोन तास फ्रीवेवर काढतो. तिथले लोक त्याला 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात ते उगाच नाही.

म्हणून निबंध बंद करा. वर्गातच, कागदावर, अर्धं पान. सेमिस्टरमध्ये सहा वेळा. एका पानाला तीन मिनिटं लागतात, एका फेरीला दोन तास, सहा फेऱ्यांचे बारा. घरी लिहायला दिलेला निबंध आता चॅटजीपीटी लिहितं आणि शिक्षकाची शनिवारची संध्याकाळ यंत्राचं लिखाण तपासण्यात जाते.

तळटीप
अर्ध्या पानाची पद्धत चालते, पण ती कुठे फसते ते लिहिते. ओझावा-थिंदचंच उदाहरण घेऊ, भारतीय वाचकाला ते जवळचंही आहे.

पार्श्वभूमी: १७९० च्या कायद्यानं बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व फक्त 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'ना मिळू शकत होतं, १८७० मध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांना ते खुलं झालं. आशियाई मधेच लटकले. नोव्हेंबर १९२२ मध्ये जपानहून आलेल्या ताकाओ ओझावा यांना सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन, तुम्ही ते नाही. फेब्रुवारी १९२३ च्या खटल्यात पंजाबहून आलेले भगतसिंग थिंद म्हणाले, तुमच्याच शास्त्रज्ञांच्या मते मी कॉकेशियन आहे. कोर्ट म्हणालं, असाल, पण सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच, जॉर्ज सदरलँड.

वर्गात: दोन्ही निकालांतले दोनदोनशे शब्द एकाच कागदावर शेजारीशेजारी छापा. तारखा आणि न्यायमूर्तींचं नाव झाका. आठ मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं वाचून 'गोरा' ठरवायचा आधार अधोरेखित करायचा. दहा मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं. मग नाव आणि तारखा उघडा. वर्गात जी शांतता पसरते ती वाया घालवू नका, तिथेच लिहायला लावा: तीन महिन्यांत काय बदललं?

फसतं ते असं. प्रश्न ढिला असला तर चाळीसपैकी तीस जण 'न्यायाधीश वंशवादी होते' एवढंच लिहून पेन खाली ठेवतात. प्रश्नातच बांधा: 'पहिल्या निकालातला कोणता पुरावा दुसऱ्यात नाकारला?' उतारा चारशे शब्दांचा केलात तर अर्धा वर्ग वाचनातच अडकतो. आणि लिखाण शेवटच्या २० मिनिटांना ठेवू नका. डीएसपीएसकडून (अपंग विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या विभागाकडून) दीडपट वेळेची सवलत असलेल्या मुलांना ३० मिनिटं लागतात. ८५ मिनिटांच्या वर्गात पन्नासाव्या मिनिटाला सुरुवात केली तरच ते बसतं.

सनावळी
तळटीप, तुमच्याच पोस्टचा पहिला अर्धा भाग बघा. १७९० आणि १८७० सांगितल्याशिवाय हा कागद कळतच नाही. शिवाय १८७० समजायला रिकन्स्ट्रक्शन लागतं. १९१७ चा (बहुतेक आशियाईंना प्रवेश बंद करणारा) इमिग्रेशन कायदा आणि पहिलं महायुद्ध कळल्याशिवाय अमेरिकेच्या लष्करात नोकरी केलेल्या थिंद यांचं दुःख कळत नाही. कागद वाचायला संदर्भ लागतो आणि संदर्भ सलग शिकवण्यातूनच येतो. ज्याला सनावळ्या रटाळ वाटतात त्यानं एकदा सनावळ्या न शिकलेल्या मुलांपुढे हा निकाल ठेवून बघावा.

तळटीप
मान्य. म्हणूनच मला आठ प्रसंग जास्त वाटतात.

रेवा
माझा मुद्दा नोकरीच्या अनिश्चिततेचा. नोंदणी कमी झाली की सेमिस्टरच्या तोंडावर वर्ग रद्द होतो, किंवा पूर्णवेळ शिक्षकाचा भार भरायला तो काढून घेतात. तयारी अशी हवी की प्रत्येक धडा सुटा उचलता येईल: एक कागद, एक प्रश्न, एक गुणांचा तक्ता, आणि वर्ग बुडवलेल्यांसाठी कॅनव्हासवर (कॉलेजच्या ऑनलाइन वर्गावर) तोच कागद व दहा मिनिटांची ध्वनिफीत. पुढच्या वर्षी 'हिस्ट १३०', म्हणजे १८७७ पर्यंतचा कोर्स मिळाला, तरी १७९० आणि रिकन्स्ट्रक्शनचे धडे तसेच तिकडे जातात. अठ्ठावीस व्याख्यानांची माळ अशी तोडता येत नाही.

आणि वर्ग मिळालाच नाही तर बेकारी भत्त्याचा अर्ज जरूर करा. १९८९ च्या सर्व्हिसी खटल्यातल्या कोर्टाच्या निकालानंतर कॅलिफोर्नियात नोंदणीवर अवलंबून असलेली नेमणूक ही भत्ता नाकारण्याइतकी 'वाजवी हमी' धरत नाहीत. दोन सेमिस्टरच्या मधल्या काळातही अर्ज करता येतो. हे नव्या अडजंक्टला कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.

काठावरचा
सनावळींचा संदर्भाचा मुद्दा आणि बुडालेल्या वर्गाचा मुद्दा, दोन्ही पटले. आराखडा बदलतो: सहा प्रसंग, प्रत्येकी दोन वर्ग, झाले बारा. उरलेले सोळा सलग कथनाला, एका वर्गाला दहा वर्षं. प्रत्येक प्रसंगाच्या आधीचा वर्ग त्याच्या संदर्भाचाच. सहा प्रसंगांना खडूफळा म्हणतात तशी सहा अर्धी पानं. प्लेसी आणि ब्राऊन एकत्र करतो, १९३५ काढतो.

सनावळी
१९३५ काढू नका. शेतमजूर आणि घरकामगार त्या कायद्यातून वगळले होते. सेंट्रल व्हॅलीतल्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या शेतीच्या पट्ट्यातल्या, कॉलेजात शेतमजुरांची मुलं बाकावर बसलेली असतात, तो त्यांच्या पणज्यांचा कागद आहे. काढायचंच असेल तर १८७७ काढा, ते सलग कथनात बसतं.

काठावरचा
१८७७ काढलं.