बोटांच्या कौशल्यासाठी वेगळे ‘उपक्रम’ हवेतच कशाला?

धागाकर्ता
तीन ते सहा वर्षांच्या मुलांची बोटे घडावीत म्हणून सध्या घरोघरी ट्रे सजवले जातात. कापसाचे गोळे चिमट्याने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे आणि पुन्हा पहिल्या वाटीत आणायचे. मणी ओवायचे आणि रात्री मोठ्यांनी ते दोऱ्यातून काढून ठेवायचे, कारण उद्या तेच ओवायचे असतात. माझ्या मते यातला बराचसा खटाटोप अनावश्यक आहे. ज्या कामांत बोटे खरोखर घडतात ती कामे आपण घाईपोटी मुलांच्या हातून काढून घेतो. सदऱ्याची बटणे आपण लावून देतो, बाटलीचे झाकण आपण उघडून देतो, आणि त्याच आठवड्यात बटणे लावण्याचा सराव देणारी कापडी पाटी विकत आणतो. खऱ्या कामात एक हात धरून ठेवतो आणि दुसरा काम करतो, शिवाय काम जमले की नाही हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या ‘बालगृह’ नावाच्या बालशाळेतही मुले पाणी ओतणे, झाडणे, पुसणे अशी कामेच करीत असत.

बालवर्गशिक्षिका
माँटेसरींचा दाखला आपल्याच विरोधात जातो. त्यांच्याच पद्धतीत बटणे, हुक आणि नाड्या लावलेल्या लाकडी चौकटी आहेत, आणि त्या ठेवण्यामागे कारण आहे. अंगातल्या सदऱ्याचे बटण लावताना मुलाला मान वाकवून स्वतःच्या छातीकडे पाहावे लागते, कापड हलत असते आणि काज नीट दिसत नाही, म्हणजे तीन अडचणी एकदम येतात. चौकट समोर टेबलावर ठेवली की एकच अडचण उरते. कात्रीचेही तसेच आहे. आरंभी बोटभर रुंदीची जाड कागदाची पट्टी द्यावी, म्हणजे एका कापातच तुकडा पडतो. मग दोन काप लागतील एवढी रुंद पट्टी, मग सरळ रेषा आणि शेवटी वळण, कारण वळणावर कात्रीपेक्षा कागद धरलेल्या हाताला अधिक काम करावे लागते, आणि हे बहुतेक मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. अशा चढत्या पायऱ्या घरकामात आपोआप सापडत नाहीत, त्या कोणीतरी बांधाव्या लागतात. आपण ज्याला खटाटोप म्हणता तो हाच.

दोन मुलांचा बाबा
धागाकर्त्यांचा विचार ऐकायला उत्तम आहे, पण सकाळी सर्वांना वेळेवर बाहेर पडायचे असताना चार वर्षांच्या मुलाने एकेका बटणाशी पाच पाच मिनिटे झुंजावे, हे कोणत्या घरात परवडते? ट्रे निदान मुलाच्या आणि माझ्या सोयीच्या वेळी काढता येतो.

धागाकर्ता
सकाळचा आग्रह माझाही नाही. संध्याकाळी कपडे बदलताना घाई नसते, आणि बटण काढणे हे लावण्यापेक्षा सोपेही असते. सुरुवात तिथून करावी.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत म्हणून उपचार आणि सराव देणारी तज्ज्ञ)
दोन्ही बाजू केवळ बोटांविषयी बोलत आहेत. हालचालींवरचा ताबा साधारणपणे खांद्याकडून बोटांकडे येतो. खांदा आणि मनगट स्थिर नसेल, तर ट्रेवरचा चिमटा आणि सदऱ्याचे बटण दोन्हीकडे मूल सारखेच थकते. म्हणून मी आधी दोरीला लटकणे, रांगण्याचे खेळ आणि भिंतीवर लावलेल्या कागदावर चित्र काढणे सुचवते, कारण उभ्या कागदावर मनगट आपसूक योग्य कोनात येते. मेणखडूही अंगठ्याच्या पेराएवढा तोडून द्यावा, म्हणजे तो मुठीत धरताच येत नाही. सर्वसाधारणपणे मूल तिसऱ्या वर्षी वर्तुळ, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह आणि पाचव्याच्या आसपास त्रिकोण पाहून काढू लागते. तिरकी रेघच न जमणाऱ्या मुलाला तिरक्या रेघांची अक्षरे गिरवायला लावणे मला चुकीचे वाटते. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती बारीक मणी देऊ नयेत. लहान चुंबके आणि बटणासारखे सेल तर त्यानंतरही नकोत, कारण ते गिळले गेल्यास जिवावर बेतू शकते.

पहिलीतल्या मुलाची आई
लेखन लांबवण्याचा हा सूर मला पटत नाही. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट या संशोधकांच्या २०१२ मधल्या अभ्यासात, वाचता न येणाऱ्या मुलांनी हाताने काढलेली अक्षरे नंतर पाहिली तेव्हा वाचनाशी संबंधित मेंदूचा भाग टंकलेल्या अक्षरांपेक्षा अधिक सक्रिय झाला होता. मग मणी आणि चिमट्यांत वर्षे का घालवायची? हात लिहिण्यासाठी तयार करायचा असेल, तर लिहिणे हाच त्याचा सराव आहे.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट
त्या अभ्यासातली मुले पाच वर्षांच्या आसपासची होती, तीन वर्षांची नव्हती. शिवाय तो परिणाम स्वतः काढलेल्या अक्षरांचा होता. ठिपक्यांवरून गिरवलेल्या अक्षरांनी तेवढे साधले नाही. आपल्याकडे ‘लिहिणे’ म्हणून तीन वर्षांच्या मुलांना जे दिले जाते, ते बहुतेक वेळा गिरवणेच असते. पेन्सिलच्या पकडीचाही बाऊ नको. चार बोटांची पकड असलेली पुष्कळ मुले तीन बोटांच्या पकडीइतकेच सुवाच्य लिहितात.

धागाकर्ता
कात्रीच्या पायऱ्यांचा मुद्दा मला मान्य आहे, कारण घरात मूल रोज कात्री हाती घेत नाही. बटणाच्या चौकटीचा मात्र अजूनही नाही. सदरा अंगातून काढून टेबलावर पसरला की चौकट तयार होते.

बालवर्गशिक्षिका
होते, पण सदरा मोठ्या माणसाचा घ्यावा, काजे सैल असावीत आणि कापडाच्या कडा टेबलाला चिकटपट्टीने चिकटवाव्यात, म्हणजे ते सरकणार नाही. एवढे केल्यावर त्याला उपक्रम म्हणायचे की घरकाम, हे आपणच ठरवावे.