मशीन चालू, पण पडदा काळाच: तुमचे अनुभव सांगा

बटण दाबलं, पंखा फिरला, पण स्क्रीनवर काही नाही. अशा वेळी घाबरून बरेच जण थेट फॉरमॅट मारायला निघतात आणि नाहक डेटा घालवतात. म्हणून मंडळी, नुसता उपाय लिहू नका. लोगो आला होता का, बीप वाजला का, कॅप्स लॉकचा दिवा लागत होता का, तेही सांगा. गाडी कुठे अडली ते त्यावरूनच कळतं.

*

माझ्या डेस्कटॉपवर लोगोसुद्धा येत नव्हता आणि कॅप्स लॉक ढिम्म. म्हणजे विंडोजचा प्रश्नच नव्हता. मदरबोर्डच्या कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार बारीक दिवे आहेत, त्यांतला डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, पेटून राहिला होता. प्लग काढला, बटण दाबून उरलीसुरली वीज घालवली आणि रॅमच्या पट्ट्या बाहेर काढल्या. सोनेरी टोकांवर करडा थर चढलेला. खोडरबराने हलकेच पुसलं, रबराचा चुरा ब्रशने झटकला. मग मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत एकच पट्टी खटका बसेपर्यंत दाबली. स्क्रीन आली! दुसरी पट्टी त्यानंतर लावली. दोन्ही एकदम लावल्या असत्या तर दोष कुठल्या पट्टीत की खाचेत, हे कळायला मार्ग नाही.

*

वरच्या अनुभवाला जोडून: मशीन नवीन असेल आणि रॅम डीडीआर५ (नव्या पिढीची) असेल तर आधी थांबा. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची जुळणी करतो, त्यात काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. मधेच बंद करू नका. आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डला नाही.

*

लॅपटॉप. लोगो आला, विंडोज सुरू झाल्याचा आवाजही आला, मग अंधार. टॉर्च तिरकी धरून पाहिलं तर आयकॉन अगदी पुसट दिसत होते! म्हणजे बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) गेलेला, बाकी सगळं ठणठणीत. बाहेरचा मॉनिटर जोडून सगळा बॅकअप घेतला आणि मगच दुरुस्तीला दिला. टॉर्चची ही चाचणी प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं.

*

काळ्या स्क्रीनवर माउसचा बाण दिसत असेल तर अर्धी लढाई जिंकली समजा. मी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं, त्याने डिस्प्ले ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. फरक पडला नाही. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून नवीन टास्कमध्ये एक्सप्लोरर (explorer.exe, डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्राम) चालवलं, आणि डेस्कटॉप परत! तेवढ्याने भागलं नाही तर सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरवर चालतं तिथे) जाऊन ग्राफिक्स ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्यावा. डिस्क बिटलॉकरने (डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) बंद असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा, तिथे ती मागितली जाऊ शकते.

*

लिनक्सवाल्यांसाठी: अपडेटनंतर ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) मेनू दिसत होता, पुढे काळोख. मेनूत ई दाबून linux या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) हा शब्द जोडला आणि एफ१० दाबलं. साध्या ग्राफिक्सवर का होईना, डेस्कटॉप मिळाला आणि ड्रायव्हर पुन्हा बसवता आला. हा बदल तेवढ्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करून पाहा.